ट्यूबची गाठ

"हात काढ तिथनं! मशीन बंद कर आधी!" मी ओरडत होते, पण त्या खडखडाटात तुकाला ऐकू जाईल तर शपथ.

तो वाकून पाईपावरून तळहात फिरवत होता. पाणी कुठून फुटतंय ते शोधत होता. जव्हारबाहेर गोरखशेठच्या गाड्या धुवायच्या सेंटरवर आम्ही नवराबायको सहा वर्षं कामाला. पाण्याची गन त्याच्याकडे, फडकं माझ्याकडे. समोर शिरपामाळ बघून आलेली भाड्याची गाडी, लाल चिखलानं माखलेली, वरून साबणाचा फेस मारलेला.

हात फिरवून गळती शोधायची सवय आमच्याकडे पोरासोरांनाही असते. वांगणीला आमच्या पाड्यावर झऱ्याचं पाणी काळ्या पाईपानं येतं. पाईप गळला की हात फिरवायचा, ओल लागली की सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आवळायची, झालं काम. त्यात माझी गाठ पाड्यात नावाजलेली, भाताचे भारे बांधून बोटं तयार झालेली. दोन आठवड्यांपूर्वी मशीनचा, जोराच्या पाण्याचा पाईप एका जागी फुगला. तुका शेठला म्हणाला, "नवा पाईप आणा." शेठ म्हणाला, "परवा." तो परवा काही उगवेना. मग मीच शहाणी पुढे झाले.

"सर बाजूला. झऱ्याचा बांधते तसा ह्यो बांधते."

चार वेढे दिले, दातांनी ओढून गाठ मारली. आठ दिवस थेंब गळला नाही. मी फुशारकी एवढी मारली की विचारू नका.

त्याच गाठीपाशी तुकाचा हात गेला.

"आय गं! डसलं कायतरी!" म्हणत त्यानं हात झटकला. मी बघते तोच गाठ फाटली आणि पाईप उसळला. आतल्या तारा बाहेर आलेलं त्याचं टोक सपासप फिरायला लागलं. पहिला फटका गाडीच्या आरशावर, आरसा उडून रस्त्यावर. दुसरा माझ्या तोंडावर. समोरचा दात जागीच पडला, तोंड रक्तानं भरलं. शेठ धावत आला तो गाडीकडे! "आरसा! अरे, आरसा गेला!" शेवटी मीच चिखलात रांगत जाऊन बटण पाडलं.

सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते. तुकाच्या उजव्या तळहाताला, पहिल्या बोटाच्या खाली, सुई टोचावी एवढं भोक होतं. धड रक्तही नाही.

"मुंगी चावली म्हणायची," शेठ म्हणाला. "हळद लाव. पण हे रबर कुणी बांधलं? आं? कुणाचा शहाणपणा हा?"

माझ्या तोंडात रक्त होतं. पण खरं सांगते, नसतं तरी बोलायची छाती नव्हती.

"म्या बांधलं," तुका म्हणाला.

शेठनं त्याच्या कानाखाली वाजवली. माझ्या डोळ्यांदेखत! पाड्यात भांडखोर म्हणून माझं नाव, आणि मी नुसती रक्त थुंकत उभी राहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

तुका पाईपाचं फाटलेलं टोक कापायला बसला. पक्कड त्याच्या हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. मी जाऊन हात धरला. तळवा पांढराफटक, थंडगार, आणि फुगून टणक झालेला.

"दुखतं काय रे?"

"मघा दुखत होता. आता कळतच नाय काय, सुके."

त्या गाडीचा ड्रायव्हर कमलेश, मोखाड्याकडचा, आमच्यातलाच. त्यानं वाकून हात बघितला आणि तोंडातली तंबाखू थुंकून टाकली.

"वहिनी, हे साधं नाय. भिवंडीला कंपनीत होतो तवा एकाला असाच झाला होता. भोक बारीक दिसतं, पण पानी आन साबन पार आत घुसतं, आतून हात सडवतं. तो सकाळी बघू बोलला. सकाळी डॉक्टरनं मनगटापासून हात उतरवला."

"बायामाणसाला घाबरवू नको रे," शेठ म्हणाला. "गाडी धुवायची राहिलीय अजून."

तिथून पुढे मी माणसात नव्हते. टाकीमागे गवत कापायचा कोयता होता, तो आणला आणि गाडीच्या बॉनेटवर दाणकन घातला. पत्रा चेपला.

"ह्याच गाडीत घाल त्याला. चल!"

"वहिनी, पार्टी हाटेलात बसलीय नाश्त्याला. मालक काढून टाकंल मला..."

"टाकू दे! तुला दुसरी नोकरी गावंल. ह्याला दुसरा हात फुटायचा नाय!"

शेठ आडवा आला. कोयत्याची मूठ मी त्याच्या छातीत हाणली, तसा तो फेसाच्या चिखलात बसलाच. पातं हाणलं नाही, एवढं भान होतं.

कमलेशनं फेसासकट गाडी काढली. काच दिसेना म्हणून वायपर फिरवत होता, आणि फेसाचे गोळे उडून रस्त्यावर पडत होते. जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ते भोक बघितलं मात्र, त्या खुर्चीवरून उठल्याच. तिथून आम्हाला तडक नाशिकला धाडलं. नाशिकला त्याचा तळहात मनगटापर्यंत उभा चिरला, आतलं राखाडी पाणी उपसलं. तिसऱ्या दिवशी दोन बोटं काढली. हात राहिला.

वॉर्डात तो शुद्धीवर आला तेव्हा मी रडत होते. "गाठ माजी होती रे. तू कशाला मार खाल्लास?"

"तुजा दात गेला होता," तो म्हणाला. "अजून काय काय घालवायचं?"

पंधरा दिवसांनी मी त्याचा डबा आणि शर्ट न्यायला सेंटरवर गेले. बघते तर काय, तोच पाईप! फाटलेला भाग कापून, लोखंडी पट्टा आवळून जोडलेला, आणि वर सायकलच्या ट्यूबचे चार वेढे. गनवर दुसराच माणूस. त्याला हाताला धरून बाजूला केलं, बटण पाडलं, कोयता घेतला आणि घाव घालत सुटले. रबर फाटत होतं, तारा तुटत होत्या, माझे हात सोलवटले. सात तुकडे केले तेव्हा थांबले.

"पोलिसांना बोलावतो!" शेठ लांबूनच ओरडला.

"बोलव! कानाखाली कुणी मारली, त्ये पन सांगते!"

पोलीस काही आले नाहीत. नवा पाईप आला. पाईप घेऊन शेठ पाड्यावर आला, तुकासमोर ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं. या दोघं." मगच आम्ही गेलो.

आता गन माझ्याकडे, फडकं त्याच्याकडे. पहिल्या दिवशी त्यानं फडकं बादलीत बुडवलं आणि पिळायला गेला. उजव्या हातात टोक धरवेना, सटकलं. पुन्हा धरलं, पुन्हा सटकलं. शेठ बघतोय म्हटल्यावर तो आमच्याकडे पाठ करून तिसऱ्यांदा धरायला लागला.

मी मशीन बंद केलं. जाऊन फडक्याचं एक टोक हातात घेतलं.

"तू तिकडं वळव," मी म्हणाले.

त्यानं डाव्या हातानं दुसरं टोक धरलं. "लय आवळू नको, सुके. तुजा हात ठाव हाय मला."

आम्ही पीळ दिला. पाणी त्याच्या पायांवर पडलं. फडकं झटकून त्याच्या खांद्यावर टाकलं आणि मी जाऊन मशीन चालू केलं.