सगळं ठीक सांगणारा धूर

मी डोंगरमाथ्यावरची इशाऱ्याची चूल बोलतेय. या बसा, वारा फार आहे, पण गप्पांना माणूस मिळत नाही इथे.

कोरियाच्या राजाने माझ्यासारख्या चुलींची ओळ समुद्रापासून थेट राजधानीपर्यंत बांधली. मला पाच तोंडं. शत्रूची गलबतं दिसली की दोन धूर, लढाई जुंपली की पाच. आणि काहीच नसलं तर रोज एक : सगळं ठीक. माझा जन्म त्या एका धुरातच गेला. उरलेल्या चार तोंडांत चिमण्यांनी संसार थाटले.

धूर सरळ चढावा म्हणून लांडग्याची विष्ठा जाळा, असा हुकूम होता. राखणदार दोक्साम म्हणायचा, "लांडग्यामागे टोपली घेऊन फिरणारा आधी दाखवा!" माझ्या पोटात आपलं गाईचं शेणच जायचं.

दुसरा राखणदार मानबोक. त्याचा धाकटा भाऊ सुदोल समोरच्या डोंगरावर, समुद्राकडच्या चुलीवर. चौकी सोडली तर फटके, म्हणून भेटी नाहीत. तिकडे धूर दिसला की मानबोक म्हणायचा, "उठलं आमचं गाढव!" मग मला पेटवायचा.

एका स्वच्छ दिवशी समोर धूर आलाच नाही.

"पेटव आपला," दोक्साम म्हणाला. "रोज तेच तर सांगतो. नाहीतर पाठीची सालटं निघतील."

"तिकडचा दिसल्याशिवाय नाही, दादा. भाऊ आहे माझा तिथे."

"मग पळ! धूर नसेल तर पायांनी बातमी आणायची, हाही हुकूमच आहे."

दिवस कलताना समोर धूर उठला. एकच, सरळ. दोक्सामने टाळी वाजवली, "आहे रे, गाढव जिवंत आहे!" मी पेटले. मला पाहून पुढची चूल पेटली, मग तिच्या पुढची.

दुसऱ्या दिवशी मानबोक परतला तो डोक्याला सुतकाची तागाची पट्टी बांधून. तिथला जोडीदार धान्य आणायला गावात उतरला होता आणि सुदोल तापाने चुलीशेजारी एकटाच वारला होता.

"मग धूर कुणी केला?"

"मी. समुद्र मोकळा होता, दादा. एकच करायचा होता."

दोक्सामने जवाच्या भाताचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. त्यानंतर मानबोक समोर धूर बघायचा, मला पेटवायचा, पण ‘गाढव’ पुन्हा म्हणाला नाही.

पुढे तारायंत्राच्या तारा आल्या, आम्हा चुलींना रजा मिळाली. आता पाचही तोंडांत गवत आहे. तुम्ही खाली उतराल तेव्हा एवढंच करा : दुरून कुणाचं सगळं ठीक दिसलं, तरी एकदा चढून जा आणि बघून या.