येणारे व्होल्ट

यंत्रमागांच्या कडोदऱ्यात येणारे व्होल्ट कोणी मोजत नाही. संध्याकाळी सगळे लूम सुरू झाले की विजेचा दाब पडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून ट्रान्सफॉर्मर बसवताना तार डोळे मिटून दोनशे व्होल्टच्या खुंटीला लावायची, की कमी दाबातही काम भागतं. मेकॅनिक श्रीपत तीस वर्षं हेच करत आला होता आणि त्याच्या हाताला यश आहे असं लोक म्हणत.

त्याच हाताने, त्याच खुंटीला, त्याने शहरातल्या कतारगामच्या प्रफुल्लभाईच्या कॅफेतलं पिनबॉल मशीन जोडलं. परदेशातून आणलेलं, चाळीस वर्षांचं जुनं धूड. दिवे लागले, घंटा वाजल्या, सगळं झकास. पण तासभर खेळ झाला की ऐन रंगात मशीन बंद पडायचं आणि गुण पुसले जायचे. झाकण उघडावं तर रेग्युलेटरला बोट लावता येत नसे. बोर्डाला पाच व्होल्ट पुरवायचं त्याचं काम, फार तर पाव व्होल्ट इकडेतिकडे चालतं. तो तापून साडेचारावर यायचा.

श्रीपतने रेग्युलेटर दोनदा बदलला. तिसऱ्यांदा प्रफुल्लभाई चार मित्रांदेखत हसला, तेव्हा श्रीपतचा तोल गेला. सुटे भाग आणायचं काम त्याच्या जोडीदाराचं, दगाचं. दगा त्याच्यासारखाच अमळनेरहून आलेला, बावीस वर्षं एकाच बाकावर शेजारी बसलेला.

"हाच डुप्लिकेट माल आणतो आणि वरचं खातो," श्रीपत सगळ्यांसमोर म्हणाला.

दगाने हातातला पेचकस खाली ठेवला. "मी असं करसू का, भाऊ?" एवढंच विचारून तो गेला. प्रफुल्लभाईने गोष्ट बाजारभर केली आणि आठवड्यात दगाला कुणी दुकानाच्या पायरीवर उभं करेना.

मग श्रीपतने स्वतः कंपनीच्या डीलरकडून रेग्युलेटर आणला. तासाभरात तोही तापला आणि मशीन बंद पडलं.

तेव्हा कुठे, आयुष्यात पहिल्यांदा, त्याने मीटर भिंतीच्या प्लगला लावला. दोनशे पंचेचाळीस. कतारगाम म्हणजे कडोदरा नव्हे, इथे दाब पडत नव्हता. दोनशेच्या खुंटीमुळे आत जास्तीचे व्होल्ट शिरत होते आणि तो सगळा भार रेग्युलेटर उष्णता करून सोसत होता. श्रीपतने तार दोनशे चाळीसच्या खुंटीवर घेतली. खातरी करायला पिशवीतला दगाने आणलेला रेग्युलेटर बसवला. मशीन चार तास चाललं आणि त्यावर बोट आरामात टेकत होतं.

"शुं हतुं, काका?" प्रफुल्लभाईने बिघाड काय होता ते विचारलं.

खरं सांगायचं तर याच घटकेला सांगायला हवं होतं. श्रीपतला ते कळत होतं. पण तीस वर्षांचं यश त्याच्या जिभेवर बसलं होतं.

"पार्ट," तो म्हणाला. "ओरिजिनल टाकला."

दुसऱ्या दिवशी दगा आपला टेस्टर न्यायला आला. बाकाजवळ थोडा घुटमळला.

"मशीन चालनं का?"

"चालनं."

"काय व्हतं?"

श्रीपतने सोल्डरची तार सरळ करायला घेतली. "पार्टच व्हता."

दगाचा चेहरा उतरला. श्रीपत खोटं बोलेल हे त्याच्या मनातही आलं नाही.

"मंग मनी चूक शे, भाऊ. दुकानदारनी माले फसाडं, अन् तुनी मान खाले गई." त्याने हात जोडले. "माफ कर माले."

श्रीपतला स्वतःची किळस आली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "व्हस असं कधी कधी."