लाल अस्तराचा तंबू

मित्रांनो, बहरीनमधल्या सनद गावातल्या एका दुमजली घरात जिन्याखाली जाड कापडाचा मोठा गठ्ठा दोरीने आवळून ठेवलेला आहे. त्यावर कधी मांजर झोपतं, कधी कुणी पाण्याच्या बाटल्यांचं खोकं टेकवून जातं. तो गठ्ठा म्हणजे मी. मी एक जुना तंबू आहे.

बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीमागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. बाहेरून पांढरं, खरखरीत कापड आणि आतून गडद लाल अस्तर. ते अस्तर त्याने फार मन लावून बसवलं होतं. वाळूत राहणाऱ्याच्या डोळ्यांना आत आल्यावर रंग दिसला पाहिजे, असं तो म्हणे. मला विकत घेतलं ते खिजर नावाच्या तरुण बहरीनी माणसाने. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. दुकानात त्याच्याबरोबर त्याची बायको आतिका होती. तिने अस्तरावरून हात फिरवला आणि मान डोलावली. बस, त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

दर हिवाळ्यात खिजर मला जीपवर लादून सखीरच्या वाळवंटात नेई. मेखा ठोकल्या जात, तणावे ताणले जात, आणि मी ताठ उभा राहत असे. पाहुणे येत, कॉफी उकळे, मुलं माझ्या पोटात लोळत. "काय तंबू आहे!" असं लोक म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

पण खिजरला सगळ्यांत आवडे तो वसंतातला वारा. थंडी गेली असं समजून लोक गरम कपडे आत ठेवतात, आणि एके सकाळी वायव्येकडून गार वारा सुटतो. इथे त्याला शमाल म्हणतात. आकाश मळकट होतं, वाळू जमिनीलगत सापासारखी धावू लागते. शेजारचे लोक तंबू गुंडाळून घरची वाट धरत. खिजर मात्र माझे तणावे आणखी घट्ट करी, आत येऊन आडवा होई आणि अस्तराला तळहात लावून पडून राही. वारा मला बाहेरून थोपटे आणि त्या थापा त्याच्या हाताला कळत.

मग खिजर गेला. मुलं मोठी झाली होती, त्यांची घरं वेगळी होती, आणि त्यांना वाळवंटात धूळ खायला वेळ नव्हता. आतिकाने मला जिन्याखाली ठेवलं. उंदरांनी माझे दोन तणावे कुरतडले. कुबट वास माझ्या अंगात शिरला. माझी घडी कुणी मोडली नाही.

आतिकाच्या वरच्या मजल्यावर उज्ज्वल नावाचा मराठी माणूस भाड्याने राहत होता. तो एका कंपनीत इलेक्ट्रिकल टेक्निशियन होता. त्याची बायको श्रद्धा दवाखान्यात नर्स होती. मुलगी श्रावस्ती सहावीत शिकत होती. गेल्या वर्षी फेब्रुवारीत उज्ज्वलने जालन्याकडच्या गावाहून आपल्या आईला, इंदुबाईला, व्हिजिट व्हिसावर आणलं.

इंदुबाईचा नवरा खंडू याच बहरीनमध्ये वाळवंटात विजेचे खांब उभे करत होता. दोन वर्षांतून एकदा तो गावी जाई. त्याचं सारं तारुण्य इथेच सरलं. कायमचा घरी परतला आणि वर्षभरातच वारला. इंदुबाई रडली नाही. तिने बोलणंच सोडलं. हाक मारली तर 'हूं' म्हणे, ताट पुढे केलं तर दोन घास खाई. इकडे आल्यावरही ती जिन्याच्या पायरीवर, नेमकी माझ्या डोक्यावर, गुडघ्याला मिठी मारून बसून राही.

आतिका रोज दोन पेले चहा घेऊन तिच्या खालच्या पायरीवर येऊन बसू लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मोडक्यातोडक्या हिंदीवर काम चाले. कित्येक दिवस आतिकाच बोलत होती. मग एका संध्याकाळी तिने विचारलं, "तेरा आदमी इधर क्या काम किया?"

इंदुबाईने पेला खाली ठेवला. मग इंदुबाईचा बारीक आवाज आला. "खांबा. लाइट का खांबा. रेती में."

"मेरा आदमी भी रेती में बहुत बैठा," आतिका म्हणाली. "जुम्मा को तंबू लेके हम उधर जाएगा. तू भी देख."

त्याच आठवड्यात हवा फिरली. दारं आपटू लागली, गच्चीवरचे कपडे उडाले. उज्ज्वल आतिकाला म्हणाला, "खाला, या शुक्रवारी वारा फार आहे. पुढच्या वेळी जाऊ." आतिकाने त्याच्याकडे पाहिलं. "हवा के लिए ही जाता है, उज्ज्वल. गर्मी आएगा, फिर खलास."

असा मी पुन्हा उजेडात आलो. श्रद्धाची ड्यूटी होती, म्हणून ती आली नाही. उज्ज्वलने खिजरची जुनी जीप चालवली. वाळवंटात मला झटकलं, मेखा ठोकल्या, नवे दोर बांधले, आणि मी उभा राहिलो. थोडा वाकडा उभा राहिलो, पण राहिलो. गार वारा माझ्या शिवणींत शिरला आणि तो कुबट वास बघता बघता निघून गेला. आतिका आत आली, अस्तरासमोर उभी राहिली आणि तिने तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली.

जेवणं झाली. इंदुबाई दारात बसून वाऱ्याकडे तोंड करून होती. दूरवर विजेच्या खांबांची एक रांग दिसत होती. आतिकाचा डोळा लागला. उज्ज्वल आणि श्रावस्ती मागच्या बाजूला सैल झालेली मेख ठोकत होते. इंदुबाई उठली, चपला घातल्या आणि वाऱ्याच्या दिशेने चालू लागली. मी पाहत होतो, मित्रांनो. पण मला हाक मारता येत नाही.

थोड्याच वेळात वायव्येचं आकाश पिवळं झालं आणि धुळीचा लोट येऊन आदळला. माझ्या कनाती फडफडल्या, एक तणावा तुटला.

"आजी कुठे आहे?" श्रावस्ती आत येऊन ओरडली.

आतिका धडपडत उठली. उज्ज्वलने बाहेर पाहिलं. दहा हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. इंदुबाईचा फोन चटईवरच पडला होता.

"तुम्ही दोघी इथून हलू नका," असं म्हणून तो "आई! आई!" करत धुळीत शिरला आणि दिसेनासा झाला.

श्रावस्तीने जीपचा हॉर्न दाबून धरला. पण आजी वाऱ्याच्या तोंडाला गेली होती आणि वारा हॉर्नचा आवाज उलट दिशेला ओढून नेत होता. आतिकाने डोळे किलकिले करून बाहेर पाहिलं. धूळ पांढुरकी, आकाश पांढुरकं आणि मीही पांढरा. मधूनमधून धूळ विरळ होई, तरी त्यात मी कुणाला दिसणार?

आतिका वळली. तिने फळं कापायची सुरी उचलली आणि माझ्या लाल अस्तराला लावली.

तिचा हात क्षणभर थांबला. खिजरचा तळहात जिथे टेकलेला असे, तिथलं कापड थोडं गुळगुळीत झालं होतं. तिने तिथेच सुरी घातली आणि कापड सरळ खाली फाडत आणलं. मला दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कधी काही करावंसं वाटलं असेल, तर ते त्याच क्षणी.

"डंडा पकड, बेटी," ती श्रावस्तीला म्हणाली. दोघींनी माझ्या कनातीची एक काठी उपसली आणि अस्तराचा लांब पट्टा तिला बांधला. गुडघे दुखतात म्हणून आतिका घरात वरच्या मजल्यापर्यंत जिना चढत नसे. ती जीपच्या बॉनेटवर चढली, आणि टपावरच्या कॅरियरला तिने ती काठी ओढणीने करकचून बांधली. लाल कापड वाऱ्यावर ताणलं गेलं. खाली श्रावस्ती रडत रडत हॉर्न वाजवत होती.

धूळ येत होती, ओसरत होती, पुन्हा येत होती. अशाच एका ओसरत्या वेळी आतिका ओरडली, "वो देखो!"

इंदुबाई येत होती. पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळलेला, एक हात डोळ्यांवर आडवा धरलेला, पावलं हळू पण नीट लाल कापडाच्या रोखाने. श्रावस्ती धावली आणि आजीला जवळजवळ उचलूनच आत घेऊन आली. थोड्या वेळाने उज्ज्वलही ते लाल कापड पाहून परतला. त्याच्या पापण्यांवर वाळू होती. आईला पाहिल्यावर तो दारातच मटकन खाली बसला.

"आई, कुठे गेली होतीस गं? माझा जीव जायची वेळ आली!"

"खांबाकडं गेले व्हते," इंदुबाई म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "तुझ्या बापानं उभा केलेला खांब असंल, म्हनून हात लावाया गेले. धूळ आली तशी त्यालाच पाठ लावून बसले. मंग हे लाल दिसलं."

उज्ज्वलने मान खाली घातली. त्याला ती विजेची लाइन माहीत होती. खोटं बोलावं की खरं, हे त्याला ठरवता येईना. शेवटी तो म्हणाला, "आई, ते खांब नंतरचे आहेत. अण्णा गावी परतले, त्यानंतरचे."

वारा मला हलवत राहिला.

"असू दे," इंदुबाई म्हणाली. "कुनाच्या तरी बापानंच उभे केले असतील की. त्यांची बी घरी कुनी वाट बघत असंल."

एवढं बोलली आणि वर्षभर अडून राहिलेलं रडू एकदम बाहेर आलं. उज्ज्वल पुढे झाला, पण आतिकाने त्याला हाताने थांबवलं. तिने इंदुबाईचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "रो, बहन," ती म्हणाली. "इधर हवा बहुत है. कोई नहीं सुनेगा." आणि तीही रडू लागली. श्रावस्ती दोघींच्या पायाशी बसली, आजीच्या चपलेतली वाळू काढत.

परत निघताना माझी घडी घालता घालता उज्ज्वल शरमून म्हणाला, "खाला, तुमचं अस्तर फाटलं."

"कपड़ा है," आतिका म्हणाली.

पण घरी आल्यावर तो लाल पट्टा मांडीवर घेऊन ती खूप वेळ बसली, हे मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी इंदुबाई सुई-दोरा घेऊन खाली उतरली. दोघी अंगणात मला पसरून बसल्या. इंदुबाईचे टाके लांब आणि मोठे, माझ्या म्हाताऱ्या कारागिराने पाहिले असते तर नाक मुरडलं असतं. पण शिवताना ती बोलत होती. खंडू कसा हसे, त्याला कोणती भाजी आवडत नसे, पहिल्यांदा बहरीनला निघाला तेव्हा तो बसमध्ये चढला आणि परत उतरून पाणी पिऊन कसा गेला, हे सगळं ती मराठीत सांगत होती. आतिकाला त्यातलं फारसं कळत नव्हतं. ती ऐकत होती.

व्हिसा संपला आणि इंदुबाई गावी गेली. मग उन्हाळा आला, मी पुन्हा जिन्याखाली आलो. या वर्षी पुन्हा शमाल सुटला आहे. आतिकाचे गुडघे आता फार दुखतात, म्हणून मला वाळवंटात नाही, अंगणात उभं केलं आहे. काल श्रावस्ती माझ्या दारात बसून आजीला फोन करत होती. "वारं कसं हाय गं तिथलं?" असा आवाज आला. श्रावस्तीने हात लांब करून फोन बाहेर वाऱ्यात धरला, आणि पलीकडे इंदुबाई बराच वेळ तो वारा ऐकत राहिली.

मित्रांनो, माझं कापड आता विरलं आहे. आणखी किती वारे झेलीन, सांगता येत नाही. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी घडी घालून ठेवलेलं असेल, तर वर्षातून एकदा तरी त्याला उघडा, झटका, हवा लागू द्या. फाटलं तर शिवा. टाके वाकडे पडले तरी चालतील. आणि जिन्यावर कुणी गप्प बसून असेल, तर चहाचे दोन पेले घेऊन त्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसा.