अर्ध्यावर तोडलेलं बोलणं

त्या बुधवारी सकाळी मंदाकिनीबाईंनी माझ्या अंगावरचं क्रोशाचं झाकण काढलं, गॅलरीत झटकलं आणि पुन्हा मला घातलं. मग कोथिंबीर निवडत बसल्या. दुपारी ठाण्याच्या इस्पितळातून हरिहररावांचा व्हिडिओ कॉल यायचा होता. हर्नियाचं साधं ऑपरेशन, तेही नीट पार पडलेलं. शनिवारी घरी सोडणार होते.

मी त्या घरातला राउटर. डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या जवळच, तिसऱ्या मजल्यावर माझा मुक्काम. त्या दिवशीचं हरिहररावांचं बोलणं माझ्यातूनच आलं आणि अर्धंच आलं.

नर्सने फोन धरला होता. हरिहरराव उशीला टेकून हसले.

"मंदा, जेवलीस का?"

"जेवले. तुम्हाला काय दिलं?"

"पेज. पाण्याची आणि तांदळाची नुसती ओळख करून दिलीय. बरं ऐक, तुला एक सांगायचं..."

तिथेच त्यांचा चेहरा थिजला. तोंड अर्धवट उघडं, डोळे बायकोकडे. मधोमध चकती गरगर फिरत राहिली. मंदाकिनीबाईंनी मला थोपटलं, हलवलं, शेवटी बटण दाबून बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. मला जागं व्हायला वेळ लागतो, माझे दिवे एकेक करून लागतात. तोवर त्या पुटपुटत होत्या, "लाग रे बाबा, लाग."

मी लागलो. पण पुढचा फोन इस्पितळाच्या कचेरीतून आला. साधाच फोन होता, त्याला माझी गरज नव्हती. हरिहररावांचं हृदय बंद पडलं होतं.

नंतर बाईंनी त्या नर्सला गाठून विचारलं, शेवटी काय म्हणत होते. ती म्हणाली, "आजी, माझं लक्ष सलाइनकडे होतं हो." म्हणजे ते वाक्य ना तिच्यापाशी राहिलं, ना माझ्यापाशी. माझ्यापर्यंत जे पोचतं तेवढंच मी पुढे देतो. ते पोचलंच नव्हतं.

मला या घरी हरिहररावांनीच आणलं होतं. एका कारखान्याच्या पट्ट्यावर माझ्यासारखेच हजारो जण जन्मले. त्यांतला मी खोक्यात निजून डोंबिवलीच्या दुकानात आलो. हरिहररावांनी मला हाताळून बघितलं, "दोन शिंगं पुरेत ना?" असं दुकानदाराला विचारलं आणि पिशवीत घालून घरी नेलं. माझी जागा ठरली शोकेसमध्ये, स्टीलच्या डब्यांच्या आणि हळदीकुंकवात मिळालेल्या वाट्यांच्या मागे. कुणाला दिसायला नको म्हणून. माणसांची ही रीत मला कधी कळली नाही. जो घरभर पोचायला हवा, त्यालाच पत्र्याआड कोंडायचं, वर झाकण घालायचं आणि मग म्हणायचं, याच्यात दम नाही.

समोरच्या दारात सुमतीबाई राहतात. मूळच्या रत्नागिरीकडच्या. विरजण मागावं तसा त्यांनी एकदा माझा पासवर्ड मागितला आणि मंदाकिनीबाईंनी विरजण द्यावं तसाच तो दिला. वाटी परत करण्याचा प्रश्नच नव्हता. सुमतीबाईंची मुलगी रुचिता तेव्हापासून माझ्यावरच होती. उन्हाळ्यापासून माझा वेग मंदावला, तेव्हा ती येता-जाता म्हणायची, "काकू, हा डबडा बदला आता. म्युझियमला द्या."

मी ते विसरलो नाही.

हरिहरराव गेले त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. पिठलं-भात सुमतीबाईंनीच आणला. पाठोपाठ रुचिता आली, बाईंच्या पायाशी बसली आणि हुंदके देत म्हणाली, "काकू, काकांचा कॉल चालू असताना मी नेटवर पिक्चर उतरवत बसलेले. मला माहीतच नव्हतं हो. त्यामुळे तर नाही ना अडकलं?"

मंदाकिनीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असं काही मनात आणू नकोस," म्हणाल्या. पण त्यांचा घास हातातच राहिला. शोकेसच्या काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. तोवर त्या मृत्यूला नाव नव्हतं, ते आता मिळालं होतं.

मलाही मिळालं. लोक मला थोपटत होते, बदडत होते, डबडा म्हणत होते आणि खरा चोर समोरच्या दारात होता. मला हात असते तर मी तेव्हाच काहीतरी केलं असतं. पण हात बाईंना होते.

लेक नीरजा ठाण्याची नोकरी घरूनच करू लागली होती, आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून. तिने आईच्या फोनवर माझं ॲप घालून दिलं. कोण कोण जोडलंय ते त्यात दिसतं.

"यातून एकाच माणसाचं बंद करता येतं का गं?" बाईंनी विचारलं.

"येतं. त्याच्या नावावर बोट ठेव, की अडवा असं येतं. का?"

"सहज."

तेराव्यानंतर काही दिवसांनी रुचिता दारात उभी राहिली. "काकू, उद्या सकाळी इंटरव्ह्यू आहे. तिसरा राउंड, शेवटचा. आमच्या घरात मोबाईलला रेंज नसते. बसू ना तुमच्या नेटवर?"

"बस की. विचारतेस काय?"

"डबड्याला जरा दम द्या मग."

"देते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दार उघडं ठेवलं, नुसतं जाळीचं लावलं. समोरही तसंच होतं. रुचिताचं इंग्रजी बोलणं पॅसेजमध्ये ऐकू येत होतं. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मांडीवर फोन. नीरजा आत कामात होती. बाईंनी घाई केली नाही. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. मग त्या लोकांनी तिला विचारलं, या नोकरीसाठी आम्ही तुलाच का निवडावं. रुचिताने श्वास घेतला आणि बोलायला लागली. चांगलं बोलत होती. वाक्य मध्यावर आलं आणि बाईंनी बोट टेकवलं.

मी ते वाक्य तिथे तोडलं. इतकं नेमकं काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. पलीकडे त्या लोकांच्या पडद्यावर तिचं तोंडही अर्धवट उघडं राहिलं असेल, या विचाराने मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. समोरून "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" चालू होतं. बाई उठल्या आणि त्यांनी डाळ शिजायला लावली.

संध्याकाळी सुमतीबाई आल्या. "ताई, तुमचं नेटपण गेलेलं का सकाळी? पोरीचा ऐन वेळी घात झाला बघा. त्यांनी परत घेतलंच नाही. आता बसलीय उशीत तोंड घालून."

"गेलं होतं," बाई म्हणाल्या. "काय करणार, आपल्या हातात असतं का?"

त्या दिवसांत बाई नीट जेवू लागल्या. नीरजाला वाटलं, आई सावरतेय.

पण एक गोष्ट हिशेबात बसेना. चोर बाहेर काढला, तरी माझा वेग वाढला नाही. नीरजाच्या मीटिंगमध्ये माणसं पहिल्यासारखीच अडकत होती. शेवटी एका रविवारी ती माझ्यामागे लागली. आधी झाकण काढलं. मग मला शोकेसमधून उचलून मोकळ्यावर, कपाटाच्या माथ्यावर ठेवलं. घरभर फिरून वेग मोजला. आतल्या खोलीत मी जरा बरा पोचू लागलो, पण जरासाच. मग तिने लॅपटॉप सरळ माझ्या पाठीला वायरने जोडला. हवेचा, भिंतींचा, डब्यांचा प्रश्नच मिटला.

वेग तेवढाच. रडका.

"म्हणजे याचा दोष नाही," नीरजा म्हणाली. मला असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं. मग तिने खिडकीतून येणारी वायर माझ्यातून उपटून सरळ लॅपटॉपला लावली. मी नव्हतोच मध्ये, तरी तेच. "आई, गच्चीवरून येते ती लाइनच खराब आहे. मी वर जाऊन बघते." मला पुन्हा जोडून ती गेली.

थोड्या वेळाने तिने वरून फोटो पाठवला. बाईंचा फोन माझ्याशीच जोडलेला, म्हणून तो माझ्यातूनच आला. हळूहळू, धूसर, मग स्पष्ट. टाकीचा पाइप. पलीकडे लोखंडी खांब. दोन्हींच्या मध्ये आमची वायर दोरीसारखी ताणलेली, पाइपाला आवळून गाठ मारलेली. गाठीपाशी वरचं आवरण फाटून आतल्या तारा उघड्या पडलेल्या. आणि वायरवरून खाली लोंबणारा, उन्हाने विटलेला जुन्या साडीचा काठ.

बाईंनी फोटो बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला.

नीरजा खाली आली. "बाबांची गाठ आहे ती. सामान बांधताना अशीच दुहेरी घालायचे. पण वायरची दोरी कशाला केली त्यांनी?"

"उन्हाळ्यात माझ्या कुरडया वाळत होत्या वर," बाई म्हणाल्या. "कबुतरं येतात, वर साडी बांधा म्हटलं होतं मी. दोरी आणायला खाली परत कोण येईल, म्हणाले असतील. वायर होतीच तिथे."

बाईंनी फोन पालथा ठेवला. मग नीरजा म्हणाली, "रुचिताला सांगून येते. बिचारी अजून समजतेय, तिच्या पिक्चरमुळे बाबांचा कॉल अडकला."

"तू नको जाऊस," बाई म्हणाल्या. "मी सांगेन."

केबलवाल्याने दुसऱ्याच दिवशी नवी वायर टाकली. आता मी जोरात धावतो. नीरजाची माणसं अडकत नाहीत, मला कुणी थोपटत नाही. कपाटाच्या माथ्यावरून मला दोन्ही घरांची दारं दिसतात. सुमतीबाई पूर्वीसारख्या डबा घेऊन येतात. रुचिता येत नाही, नेटही मागत नाही. तिचं नाव मी अजून अडवून धरलं आहे. अडवायला मला आवडलं होतं, हे मी नाकारत नाही. अजूनही, डबडा हा शब्द आठवला की थोडं आवडतंच.

तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी शोकेसमध्ये कोंडलेला असेल. तुम्हाला एवढंच सांगतो, कुणावर दात धरायचा तर जरूर धरा, पण त्याआधी एकदा वायर सरळ जोडून बघा.

मंदाकिनीबाई रोज संध्याकाळी चपला घालून जाळीच्या दारापर्यंत जातात. समोरच्या घरी जाऊन त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही.