लाल पाण्याची साक्ष

इमारतीच्या मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोऱ्यांखाली, पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी कडेवरच्या पोरासकट आलेलं, कुणी हातातल्या झाऱ्यासकट. मधोमध स्टुलावर रंगबाबा आणि त्यांच्यापुढे पाण्याने भरलेली पांढरी बादली.

"पापाला रंग असतो, माई!" बाबा गरजले. "माणूस खोटं बोलेल, पाणी बोलणार नाही!"

"अगदी खरं," सासूबाई पुटपुटल्या. बाबांना त्यांनीच बोलावलं होतं. करणार काय? नवी सून कपडे धुऊ लागली आणि मशीनमधून सगळं गुलाबी निघू लागलं. चादरी गुलाबी, यजमानांचे बनियन गुलाबी. मुलगा रुग्णालयात नर्स. त्याचा पांढरा गणवेश बघून वॉर्डातल्या एका आजीबाईंनी विचारलं, "लग्नाहून थेट आलास का रे?" पुन्हा धुतलं, पुन्हा गुलाबी! बाबांनी तर बघताक्षणीच निदान केलं होतं: घरात कुणीतरी पापी आहे.

"माझा एक मोजा दिसला का कुणाला?" यजमानांनी गर्दीत डोकं घातलं.

"अहो, इथे घर बुडतंय आणि तुम्हाला मोजे सुचतायत!"

बाबांनी झोळीतून एक लाल फडकं काढून शेजारच्या काकूंना दिलं. काकूंनी ते बादलीत बुडवलं. पाणी स्वच्छ. काकूंनी पदर सावरून सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू निवडणूकच जिंकल्या. मग दुसरं फडकं घेऊन सासूबाईंची पाळी. पाणी स्वच्छ! त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग तिसरं फडकं घेऊन सून. फडकं पाण्यात गेलं मात्र, लाल लोट उठले. बादली लालभडक झाली.

"हिला माहेरी धाडा," बाबा म्हणाले. "पुन्हा उंबरा ओलांडू देऊ नका."

सुनेचा चेहरा पडला. "आई, मी काय केलं हो?" एवढंच ती म्हणाली. पोरगी गुणाची होती. संध्याकाळी चहा पिता पिता दोघी मिळून अख्ख्या इमारतीची उणीदुणी काढायच्या. आता तो चहा एकटीने गिळायचा! पण पाण्याने साक्ष दिली होती. त्यांनी सुनेची बॅग भरून खाली आणवली.

नेमकी तेव्हाच त्यांची मुलगी फाटकातून आत आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. सगळा प्रकार ऐकून तिने नवी बादली भरली.

"बाबा, फक्त फडकी बदलू. वहिनीचं आईला द्या, आईचं वहिनीला."

"ज्याच्या नावाचं फडकं त्याच्याच हाती!" बाबा ओरडले. "नाहीतर कोप होईल!"

"होऊ दे. मी शाळेत रोज पन्नास पोरांचा कोप सोसते."

सुनेने सासूबाईंचं फडकं बुडवलं. पाणी नितळ. सासूबाईंनी सुनेचं बुडवलं आणि पाणी लाल झालं.

"अगं बाई!" त्या किंचाळल्या. "मग आता मी कुठे जाऊ? माझ्या माहेरी तर कुणी उरलंही नाही!"

अंगण खो खो हसलं. मुलीने झोळी जमिनीवर उलटी केली. एका कप्प्यातून विटकी, मऊ फडकी पडली, दुसऱ्यातून कोरी, कडक कांजीची.

"ही इतक्यांदा धुतलीत की सुटायला रंगच उरला नाही. ही कोरी, कच्च्या रंगाची. ज्याच्यावर घरच्यांचा संशय, त्याच्या हातात कोरं. झाला चमत्कार!"

बाबांनी झोळी तिथेच टाकून काढता पाय घेतला.

"पण आपले कपडे?" सासूबाई हट्टाला पेटल्या. "ते का गुलाबी?"

मुलीची नजर वडिलांच्या पायांकडे गेली. एका पायात करडा मोजा, दुसऱ्यात लालभडक. ती वर धावली, मशीनच्या दाराच्या रबराची घडी उलटी केली आणि आत दडलेला ओला लाल मोजा चिमटीत धरून खाली आली.

"सापडला!" यजमान आनंदाने ओरडले. मग बायकोकडे बघून त्यांनी लाल मोज्याचा पाय हळूच मागे ओढला.

"हा पापी प्रत्येक धुण्यात बसून होता," मुलगी म्हणाली. "वर तुमचं गरम पाणी! नवा रंगीत कपडा पहिल्या काही वेळा वेगळा धुवायचा, गार पाण्यात, फार वेळ भिजत न ठेवता. शंका असेल तर ओला पांढरा रुमाल शिवणीवर दाबून बघायचा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा पांढऱ्यांत टाकायचा नाही."

सासूबाईंना सुनेकडे बघवेना. "चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या आणि बॅग स्वतः उचलून वर नेली. कपडे कपाटात लावताना एक नवाकोरा लाल कुर्ता हाती लागला. तो त्यांनी वेगळ्या बादलीत, गार पाण्यात बुडवला. पाणी लाल झालं.

दारातून काकू डोकावल्या. "अगं, पुन्हा लाल?"

"कोरा कपडा आहे, रंग जाणारच," सासूबाई म्हणाल्या. "चहाला थांबता का? सून टाकतेच आहे."

तेव्हा मंडळी, पाणी लाल झालं तर कापड तपासा, मशीन तपासा, घरातले मोजे मोजा. कुणाची लेक घराबाहेर काढायला बादलीभर रंग हा पुरावा नव्हे.