किडन्यांची लागण

धाकटीने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ताई, मंगळवारी तुझ्या किडन्यांची लागण," आणि घाईत फोन ठेवला होता. धाकटीच्या प्रयोगशाळेत लागण म्हणजे विषाणूची. ताईचा सगळा जन्म रोपवाटिकेत गेलेला. तिच्या लेखी लागण म्हणजे खड्डा, खत आणि वरून झारीने पाणी.

मंगळवारी ताई प्रयोगशाळेच्या दारात हजर. हातात खुरपं, काखेत गांडूळखताची पिशवी आणि तोंडभर हसू.

गेल्या वर्षी एका तापाने ताईच्या किडन्या निम्म्याच शिल्लक ठेवल्या होत्या. तो विषाणू किडनीत शिरून नेमकं काय करतो आणि कुठलं औषध त्याला अडवतं, हे शोधायला धाकटीने ताईच्या दंडाच्या कातडीतल्या पेशी घेऊन बशीत किडनीचे मोहरीएवढे गोळे वाढवले होते. ताईला वाटत होतं, आता ते आपल्याच पोटात लावणार.

धाकटीने खरं काय ते सांगितलं.

"म्हणजे एवढी लाडाने वाढवलीस," ताई म्हणाली, "ती आजारी पाडायला?"

आणि ती बश्या उबेत ठेवायच्या कपाटाला, इन्क्युबेटरला, पाठ लावून खाली बसली. आतली मंडळी तिची, कातडी तिची, परवानगीही तिचीच. प्रयोगशाळेचे प्रमुख सर आले. ही नुसती ऊती आहे, हिला दुखत नाही, असं समजावू लागले, तर ताईने विचारलं, तुम्ही विचारलंत का त्यांना? सरांनी खरंच वाकून काचेतून आत पाहिलं. मग आपण का वाकलो, याचा विचार करत निघून गेले.

शेवटी ताई एका अटीवर आली. सगळ्या बश्यांना औषध द्यायचं. धाकटी म्हणाली, एक बशी बिनऔषधाची लागतेच, नाहीतर औषधाने फरक पडला हे कळणार कसं?

"बिनऔषधाची मी आहे की. गेल्या वर्षी मला कुणी काय दिलं? मलाच मोजा. ठेवा मला कपाटात."

धाकटीला हसू फुटलं आणि त्याच दमात रडू. तेव्हा औषध नव्हतंच. ती ताईच्या उशाशी नुसती बसून राहिली होती. यातून ताईला नवी किडनी मिळणार नाही, मिळालंच तर पुढच्या कुणाला तरी औषध मिळेल, हेही तिने आता सांगून टाकलं.

ताई खुरपं टेकून उठली. मग कपाटासमोरून सरकली.

"बिनऔषधाची कुठली?"

धाकटीने बशी दाखवली.

"कर लागण. पण हिच्याजवळ मी बसणार. तिला एकटं ठेवायचं नाही."

मग झगा, मास्क, चष्मा असा सगळा सरंजाम चढवून ताई स्टुलावर बसली आणि काचेतून हळूच विचारू लागली, बरं वाटतंय का, कुठे दुखतंय का. सरांनी दार उघडलं, काहीतरी बोलणार, तोच ताईने मास्कवर बोट ठेवलं.

सर चवड्यांवर परत फिरले.