तीन दिशांचं प्रस्थान

सेलूत नलूच्या तावडीत सापडलेला माणूस पाच-सात प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय सुटत नसे. एसटीच्या कंडक्टरला ती विचारी, रात्री गाडी डेपोत उभी असते तेव्हा आत कोण झोपतं. सावंगीच्या दवाखान्यात रक्त तपासायला घेतलं, तर उरलेल्या रक्ताचं काय करता म्हणून नर्सबाईला पेचात धरी. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण बाईचं कुतूहल काही म्हातारं झालं नाही. आता अशा बाईला कोणी म्हटलं की तुला विमानात बसवते, मुंबईत हॉटेलात झोपवते आणि मग बोटीतून समुद्र दाखवते, तर काय होणार? व्हायचं तेच झालं.

म्हणणारी होती शेजारची जिजाबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई, नवरा वारलेला, मुलगी जागृती नागपुरात प्रवास कंपनीच्या ऑफिसात. समुद्र पाहायचा म्हणून जिजाबाईनं कधीचं मनात धरलेलं, आणि एकटीनं जायचं नव्हतं.

"मले सोबत पायजे. येतं का?" तिनं कुंपणावरून विचारलं.

नलू तेव्हा गाईला पाणी दाखवत होती. हातातली बादली खाली ठेवायच्या आत ती "हाव" म्हणून मोकळी झाली.

मग एका संध्याकाळी जागृती आली आणि नलूच्या अंगणात खाट टाकून दोघींना प्रवास समजावू लागली. विमानतळावर मोठी बॅग काउंटरवर द्यायची, ते तिला चिठ्ठी लावतात, मग ती पट्ट्यावरून आत जाते. मुंबईला उतरलं की दुसऱ्या गोल पट्ट्यावर फिरत येते.

"दुसऱ्याची माह्यासारखीच असली त?"

"म्हणून त चिठ्ठी, मावशी."

"बरं. मंग?"

"मंग हॉटेल. एक रात्र झोपाचं. सकाळी टॅक्सीनं बंदरावर. तठी बोटीच्या माणसाच्या हाती बॅग द्याची अन् आपुन हात हालवत चढाचं. बॅग आपोआप तुमच्या खोलीच्या दारात येते."

"आपोआप कशी येईन वं? तिले का पाय हाये?"

"चाकं हाये ना."

"अन् मधात तिले कोण पाह्यते? कोठून नेते, कोणाच्या हातून जाते?"

जागृती हसली आणि कागदपत्रांकडं वळली. नलूला तर रात्रभर तेच. आपण वरून जाणार आणि आपली बॅग पोटातून, हे तिला फार नवल वाटलं. एक आधार कार्ड मात्र मूळ पाहिजे, असं जागृतीनं तीनतीनदा बजावलं. मोबाईलवरचा फोटो बोटवाले चालवून घेत नाहीत, कार्ड नसलं तर बंदरावरूनच घरी पाठवतात.

हे सगळं चाललं असताना नलूचा नवरा रूपराव ओट्यावर बसून कुदळीचा दांडा तासत होता. अर्ध्या घंट्याचं काम, पण दिवेलागण झाली तरी तो दांडा काही संपेना. बोलला मात्र एक शब्द नाही. माणूसच तसा. बोलणं म्हणजे बियाणं वाया जातं असं त्याला वाटे. लग्नाले येता का? नाई. वर्ध्याले येता का? नाई. असं ऐकून ऐकून नलूनं त्याला विचारणंच सोडून दिलं होतं. जगाला प्रश्न विचारणारी बाई, घरात सरळ सांगून मोकळी होई. "मी जाऊन राह्यली, शनिवारी," तिनं सांगितलं. तो म्हणाला, "हूं."

पण दुसऱ्या दिवशी त्या 'हूं'ला पाय फुटले. रूपराव पंचांग घेऊन बसला.

आता त्याच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. लांबच्या प्रवासाला त्यांच्यात नुसतं उठून जात नाहीत. निघायचा दिवस त्या दिशेला वाईट असला, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपलं सामान त्या दिशेच्या कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवतात, हळद-कुंकू वाहून. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. सामान निघालं म्हणजे प्रवास सुरू झाला, माणूस मागाहून निघालं तरी चालतं. ठेवलेलं सामान परत घरात आणायचं नाही आणि मधे उघडायचं नाही. आणि ज्याच्यावाचून पाऊल पुढं पडत नाही अशी एक तरी वस्तू त्यात पाहिजेच.

"पण दिशा कोणती?" रूपराव म्हणाला. इतक्या दिवसांत हा त्याचा पहिला प्रश्न. "विमान नागपूरले, म्हंजे पूर्वेकडं. हॉटेल मुंबईले, म्हंजे पश्चिम. बोट गोव्याकडं, म्हंजे दक्षिण."

दुसरी कोणी बाई कपाळावर हात मारून घेती. नलूला मजा वाटली. खरंच की! ती त्याच्या शेजारी फतकल मारून बसली. शनिवार पूर्वेला वाईट, शुक्रवार पश्चिमेला वाईट, गुरुवार दक्षिणेला वाईट. निघायच्या शनिवारी वाईट एक पूर्वच होती, पण बाकीच्या दोन दिशांनाही कसर नको म्हणून शेवटी तीन प्रस्थानं ठरली. बुधवारी दक्षिणेचं, म्हणून खाण्याच्या डब्यांची पिशवी प्रेमदासच्या आटाचक्कीवर. गुरुवारी पश्चिमेचं, म्हणून हातातली हिरवी बॅग आळीच्या पश्चिम टोकाला कैलासच्या घरी. शुक्रवारी पूर्वेचं, म्हणून चाकाची मोठी बॅग कुंपणापलीकडं जिजाबाईकडं, नागपूर रस्त्याच्या अंगाला.

जिजाबाई अशा गोष्टी मानणारी नव्हतीच. "माह्या घरात मुहूर्ताले जागा नाई," ती हसून म्हणाली, "पण बॅगेले हाय. ठेवा."

बातमी आळीभर झाली. लोकांनी घरांना नावंच पाडली. जिजाबाईचं घर विमानतळ, कैलासचं हॉटेल, आटाचक्की बंदर. "काय नलूबाई, बंदरावर दळण आणाले चालल्या का?" असं बायका विचारू लागल्या. नलूही खुशीत उत्तरं देई.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. शुक्रवारी सकाळी तिनं खिडकीतून पाहिलं, तर रूपराव ती चाकाची बॅग अंगणात इकडून तिकडं ओढून पाहत होता. एकदा, दोनदा, वळवून परत. 'चाक मोडलं म्हणून खोड काढायची असेल बुढ्याला,' ती मनाशी म्हणाली. तिला त्याचा राग आला, आणि थोडं वाईटही वाटलं.

शनिवार उजाडला. नागपूरपर्यंत भाड्यानं ठरवलेली धर्मेंद्रची गाडी दारात आली. पुढं विमानतळापर्यंत सोडायला आलेली जागृती, मागं जिजाबाई आणि नलू, आणि सामान गोळा करायला म्हणून रूपराव गाडीमागून सायकलवर. विमानतळावरची बॅग उचलली. बंदरावरची पिशवी उचलली, प्रेमदासनं पीठ लागलेल्या हातानंच टाटा केला. राहिलं हॉटेल.

हॉटेलला कुलूप.

शेजारची बाई म्हणाली, कैलासच्या सुनेला पहाटे कळा सुरू झाल्या, सगळे तिला घेऊन सावंगीला गेले. जागृतीनं फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"त्या बॅगेत काय हाये, मावशी? नसली त चालन का?"

नलूचं तोंड उतरलं. ज्याच्यावाचून पाऊल पुढं पडत नाही ती वस्तू प्रस्थानात पाहिजे ना? रूपरावनंच विचार करून करून ठरवलं होतं, आणि तिनं स्वतःच्या हातानं ठेवलं होतं. आधार कार्ड.

"अवं माय!" जिजाबाई म्हणाली. "एवढं बजावलं पोरीनं!"

"दम धरा," रूपराव म्हणाला. "येईन कैलास."

"रूपरावभाऊ, विमान दम धरत नाई अन् बोट त बिलकुल नाई."

"दवाखान्यातून कवा ना कवा त येईनच."

नलूचा तोल सुटला. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं. "तुमच्या मनातच नाई माह्यं जाणं! म्हणून ह्या तीन दिशा काढल्या. म्हणून बॅगेचे चाकं तपासत होते. सांगा ना तोंडानं सरळ!"

रूपराव सायकलच्या घंटीशी चाळा करत बसला. नलूला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. समुद्र तिच्यापासून एका कुलपावर येऊन अडला होता.

तेवढ्यात जागृतीचा फोन वाजला. कैलास! आधी त्यानं नात झाली म्हणून सांगितलं, बाळ-बाळंतीण बरी आहेत म्हणून सांगितलं, मग कुठं ऐकून घेतलं. "किल्ली माह्याच खिशात हाये," तो ओरडला, एवढा की सगळ्यांना ऐकू गेलं. "फोडा ना कुलूप! आज माह्याकडून फुकट!"

आता तरी हलावं की नाही? पण रूपराव जागचा उठेना. निघताना लोखंडावर लोखंड वाजवू नये म्हणाला. कोणाच्या घरात मालक नसताना शिरू नये म्हणाला. नलूनं काही ऐकलं नाही. गाडीच्या डिकीतून पान्हा काढून ती पदर खोचून कुलपासमोर उभी राहिली. दोन घाव घातले, कुलूप हललंसुद्धा नाही. तेव्हा रूपरावनं येऊन तिच्या हातातून पान्हा घेतला.

"मी फोडतो. पण तू आत नोको येजो. मीच आणतो बॅग."

नलूला 'आत येऊ नको' असं सांगायचं असतं का? बाकी कुणाचं नाही तरी इतक्या वर्षांच्या नवऱ्याला एवढं कळायला पाहिजे होतं. कुलूप तुटून पडताच ती त्याच्या काखेखालून आत शिरली.

आत खाटेवर तिची हिरवी बॅग होती, हळद-कुंकू वाहिलेली, वर सुपारी. आणि बॅगेला टेकून एक कापडी पिशवी. तिच्यावरही हळद-कुंकू. तिच्यावरही सुपारी.

"हे कोणाचं?"

"राहू दे ते. चाल, उशीर होऊन राह्यला."

"पण कोणाचं?"

तो हिरवी बॅग उचलू लागला, तशी तिनं पिशवीची गाठ सोडली. मधे उघडू नये ही रीत गेली खड्ड्यात. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, पोराच्या लग्नातला. खाली पायजमा, दाढीचं सामान, आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं रूपरावचं आधार कार्ड.

दांडा तासत बसलेला, बॅग ओढून पाहणारा, दम धरा दम धरा म्हणणारा हा माणूस तिला एकदम समोर दिसला. कुलूप फोडलं तर ही पिशवी दिसेल, म्हणून तो अडून बसला होता.

"तुमाले याचं होतं?"

"मी कोठी म्हटलं?" रूपराव भिंतीकडं पाहत म्हणाला. "तिकिटं दोनच होते. म्हटलं, तुह्या सोबत माहंबी प्रस्थान ठेवून देऊ. मी नाई त सामान त जाईन थोडं दूर. कैलासच्या घरापर्यंत."

दारात जिजाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावला. मग ती मास्तरीण झाली. "जागृती, पाह्य बोटीत."

जागृतीचं बोट मोबाईलवर फिरू लागलं. बोटीत एकही जागा नव्हती. विमानात होती. हॉटेलात आणखी एक खाट टाकून देतील, असं तिनं फोन करून विचारूनही घेतलं.

"मंग झालं त," नलू म्हणाली. "चला."

"कोठी? बोटीत त जागा नाई."

"बंदरापर्यंत चला. एवढं सामान कोण धरन? माहे गुडघे पाह्यले का? बॅग कोणाच्या हातात जाते, तुमी पाह्यजा, मले सांगजा. मंग रेल्वेनं सेवाग्रामले उतरून वापस या."

"अन् गाय?"

"प्रेमदास पाहीन."

"अन् हे असे कपडे..."

"पिशवीत काय भरून ठेवलं मंग? बदला लवकर, आमी बाहेर जातो."

रूपराव पांढरा शर्ट घालून बाहेर आला तेव्हा त्याची इस्त्री दुमडीच्या जागी चार ठिकाणी मोडली होती. आळीतल्या बायका जमल्या होत्या. कोणी हसलं, कोणी "हॉटेलातून निंघाले वाटते भाऊ" म्हणून टोमणा मारला. त्यानं कडीला तार गुंडाळली, शेजारच्या बाईला घराकडं लक्ष ठेवायला सांगितलं, सायकल तिच्याच भिंतीला लावली आणि गाडीत नलूशेजारी अंग चोरून बसला. कापडी पिशवी मांडीवर घेतली. डिकीत टाक म्हटलं तरी टाकेना.

धर्मेंद्रनं गाडी नागपूरच्या रस्त्याला घातली. मग रूपरावनं खालच्या आवाजात जागृतीला विचारलं, गोल पट्ट्यावर बॅग आली आणि आपल्या हातून सुटली, तर ती परत फिरून येते का. येते, म्हणाली जागृती. बोट किनाऱ्यावरून सुटते तेव्हा काठावरच्या माणसाला वरचे लोक दिसतात का? दिसतात. किती वेळ दिसतात? बराच वेळ.

नलू ऐकत होती. आयुष्यभर तिनं कुणाकुणाला काय काय विचारलं होतं, आणि हा माणूस एका पडवीत राहून मनात एवढे प्रश्न घेऊन बसला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मी तुमाले काऊन नाई इचारलं?" ती म्हणाली.

"इचारलं असतं, त मी नाईच म्हटलं असतं."

"तरी इचाराले पायजे होतं."

रूपराव पिशवीच्या गाठीवरून हात फिरवत राहिला.

"हाव," तो म्हणाला. "तरी इचाराले पायजे होतं."